धागा: दिवाळी अंकासाठी मुलांचे आणि कुटुंबांचे फोटो, तेही ऑगस्टमध्ये

उंबरठा
एका दिवाळी अंकाचा आठ रंगीत पानांचा फर्मा (एकत्र छापला जाणारा पानांचा संच) आहे. विषय ‘तीन घरांतली दिवाळी’: गिरगावातल्या चाळीतली खोली, पुण्यातला फ्लॅट आणि वाईजवळचा वाडा. मुलं एकूण सहा. एक सात महिन्यांचं, दोन तीन-तीन वर्षांची, बाकी सहा ते अकराच्या मधली. शिवाय आजी-आजोबा. फाइली २८ ऑगस्टला द्यायच्या, म्हणजे सगळं काम भर पावसाळ्यात. कॅमेरा २४ मेगापिक्सेल, लेन्स ३५ आणि ८५ मिमी, एक फ्लॅश, एक छोटं एलईडी पॅनल. अभ्यंगस्नान, किल्ला, फराळ, औक्षण, कंदील एवढं संपादकांना हवंच आहे. उजेड, वेळेचा हिशोब, परवानग्या, छपाई यांबद्दल जाणकारांनी तपशिलात लिहावं.

शाईची बाटली
आधी पान, मग फोटो. संपादकांकडून चार गोष्टी लेखी घ्या: छाटणीनंतरचा आकार मिलिमीटरमध्ये, कागद कोणता, बांधणी कोणती, आणि जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, पसरलेला फोटो किती ठिकाणी आहे.

ए-४ पान धरलं तर चारही बाजूंना ३ मिमी छाटणी मिळून २१६ × ३०३ मिमी होतं. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) २५५१ × ३५७९ पिक्सेल लागतात. एका पानाला तुमचा कॅमेरा भरपूर झाला. जोडपानाला मात्र साधारण ५०३१ × ३५७९ लागतात आणि तुमची फाइल ६०००  × ४००० आहे. उंचीत कातरायला जेमतेम दहा टक्के उरतात. म्हणजे जोडपानाचा फोटो काढतानाच चौकट नीट बसवायची, ‘नंतर कातरू’ चालणार नाही.

चिकट बांधणीत शिवणीकडचे दोन्ही बाजूंचे ५ ते ८ मिमी दिसत नाहीत. कुटुंबाच्या फोटोत मधोमध नेमकं सगळ्यात लहान मूल बसवलेलं असतं आणि त्याचाच चेहरा दुमडीत जातो. जोडपानासाठी मधे मोकळी जागा, खांब, समई किंवा दोघांच्या खांद्यांमधली फट ठेवा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जाळीच्या रेघा चालू केल्या की ते पटकन लक्षात येतं.

शीर्षकासाठीही जागा लागते. प्रत्येक घरात निदान दोन फोटो असे घ्या, ज्यांत वरचा तिसरा भाग भिंत, आकाश किंवा अंधार आहे. मांडणी करणारा तुम्हाला दुवा देईल.

गेरू
वेळापत्रक मुलांच्या झोपेवरून आणि जेवणावरून लावा. उजेडावरून लावलंत तर उजेड असेल आणि मूल रडत असेल.

सात महिन्यांचं बाळ झोपून उठल्यावर, दूध पिऊन साधारण अर्ध्या तासाने उत्तम असतं. त्या वेळी जे २०-२५ मिनिटं मिळतात तेवढीच त्याची. त्या वयात बरीच बाळं बसतात पण तोल जातो, म्हणून बसवलेल्या फोटोत आईचा किंवा आजीचा हात चौकटीत असू द्या. तो लपवायच्या नादात बाळ मागे पडतं. तीन वर्षांच्या मुलाला एका कामात दहा मिनिटं धरून ठेवता येतं, पुढे नाही. त्याला ‘इकडे बघ, हस’ सांगितलं की दात विचकलेला चेहरा मिळतो. काम द्या: पणत्या मोजून ताटात ठेव, आजोबांच्या मुठीत काय आहे ते शोध, चिवड्यातले शेंगदाणे वेच. सहाच्या पुढच्या मुलांना खरं सांगितलेलं आवडतं. ‘वीस मिनिटं लागतील, मग मोकळे’ असं म्हणा आणि विसाव्या मिनिटाला खरंच थांबा, कारण एकदा शब्द मोडला की दुसऱ्या दिवशी मूल खोलीबाहेरच येत नाही.

आल्याआल्या कॅमेरा काढू नका. पहिला अर्धा तास फर्निचर हलवणं, पंखे-दिवे बघणं यात जाऊ द्या, मुलं तोवर तुम्हाला सरावतात. नंतर मांडी घालून जमिनीवर बसा. लेन्स मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आली की अर्धं काम झालं.

शटर धावत्या मुलांना १/५०० सेकंद, बसलेल्यांना १/२००. दोन रांगांतल्या कुटुंबाला एफ ५.६ तरी ठेवा (एफचा आकडा मोठा, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान). एफ २ वर पुढची नातवंडं स्पष्ट आणि मागचे आजोबा धूसर होतात, आणि छोट्या पडद्यावर ते कळतही नाही. नऊ माणसं असतील तर एकाच जागेवरून किमान पंधरा फोटो घ्या, कुणाचे ना कुणाचे डोळे मिटलेलेच असतात. रांगा लग्नातल्यासारख्या करू नका. वाड्यात ओटा, पायऱ्या, झोपाळा आहे, त्यांवर उंच-सखल माणसं आपोआप बसतात. झोपाळ्याच्या कड्या मात्र अडकवून टाका, नाहीतर बारीकशा हेलकाव्यानेही फोकस जातो.

निरांजन
उजेडाबद्दल. ‘फक्त पणत्यांच्या उजेडात’ ही कल्पना सगळ्यांना आवडते, म्हणून आकड्यांत सांगतो. एक पणती चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर असेल तर एफ २, १/१२५ ला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) ३० हजारांच्या घरात जातो. सहा पणत्या एका ताटात जवळजवळ ठेवल्या तर तोच आकडा ५-६ हजारांवर येतो. तेवढ्यावर छपाईजोगा फोटो मिळतो, पण मूल स्थिर बसलेलं हवं.

म्हणून पणत्या चौकटीत दिसण्यासाठी ठेवा आणि चेहऱ्यावरचा उजेड दुसरीकडून आणा. तुमचं एलईडी पॅनल ताटाच्या दिशेलाच, चौकटीबाहेर, चेहऱ्याच्या उंचीला किंवा जरासं खाली ठेवा आणि त्यावर पातळ पांढरं कापड टाका. फ्लॅश वापरलात तर एक पूर्ण नारिंगी जेल (फ्लॅशवर लावायचा रंगीत पारदर्शक कागद) त्याला ५५०० केल्व्हिनवरून (आकडा कमी तेवढा उजेड पिवळा) ३२०० च्या आसपास आणतं, आणि पणती १९०० च्या आसपास असते. म्हणून दोन जेल लावा, फ्लॅश भिंतीवर उडवा आणि ताकद अगदी कमी ठेवा. व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग कॅमेरा कसा धरतो ते) स्वयंचलित ठेवू नका. दर फोटोला तो बदलतो आणि पानावर शेजारशेजारी लावलेले दोन फोटो दोन घरांतले वाटतात. ३००० ला कायम करा. पणतीचा उजेड पूर्ण दुरुस्त करून पांढरा केलात तर ट्यूबलाइटखाली काढल्यासारखं दिसेल.

वाती आदल्या रात्री तेलात भिजवा. कोरडी वात आधी धूर सोडते, मग भपकन पेटते. ज्योत एक-दीड सेंटिमीटरचीच ठेवा, मोठी ज्योत फोटोत नुसता पांढरा डाग होते. पंखा बंद करावा लागतो, म्हणजे पाच मिनिटांत मुलं घामेजतात. तेव्हा कॅमेरा, चौकट, फोकस सगळं पंखा चालू असताना ठरवा आणि पंखा शेवटी बंद करा.

बाळाच्या हाताशी ज्योत नको, एका मीटरवरही नको. ते झेपावतं. बाळ पुढे, पणत्या त्याच्या मागे निदान दीड मीटरवर, ८५ ची लेन्स एफ २.८ वर. पणत्या मागे सोनेरी गोळ्यांसारख्या उमटतात आणि बाळाच्या अवतीभवतीच आहेत असं वाटतं. मधे एक मोठं माणूस बसलेलं हवं, चौकटीबाहेर.

कंदिलात ९ वॅटचा एलईडी घालू नका, फोटोत कागद अति उजळून नुसता पांढरा दिसतो. झिरोचा दिवा पुरे. दिवेलागणीच्या फोटोसाठी सूर्यास्तानंतर साधारण १० ते २५ मिनिटं आकाश निळं राहतं आणि कंदिलाशी तोललं जातं. ऑगस्टच्या मध्यावर पुण्याकडे सूर्यास्त सातच्या सुमाराला, म्हणजे ६.४५ ला सगळी मंडळी तयार होऊन जागेवर हवीत.

उंबरठा
उपयोगी माहिती. दोन शंका. बाळ दचकू नये म्हणून आवाज न करणारं शटर वापरून चाचणी घेतली, तर एलईडी माळेजवळ आडवे पट्टे आले. आणि औक्षणात निरांजनाचा उजेड खालून येऊन चेहरे भेसूर दिसतात. दोन्हींवर उपाय?

निरांजन
पट्टे विजेमुळे. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. आवाज न करणारं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक, शटर हे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा सेन्सर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीओळीने वाचतं, तेवढ्या वेळात दिवा अनेकदा मंदावून जातो आणि प्रत्येक मंदावणं एक पट्टा होऊन उमटतं. यांत्रिक शटर लावा आणि १/१०० किंवा १/५० ठेवा. मुलं हलत असतील तर १/१०० अपुरं पडतं, मग माळ बंदच करा. आतली तार तापून उजळणाऱ्या जुन्या दिव्याला तापायला-निवायला वेळ लागतो, त्यामुळे तो फारसा लुकलुकत नाही. खोलीतला मुख्य दिवा तसा लावलात तर काळजी नाही. बाळासाठी यांत्रिक शटरचा आवाज दोन मीटरवरून ८५ ने काढल्यास त्रास देत नाही.

औक्षणाला ताट छातीच्या उंचीवर धरायला सांगा आणि जरा कॅमेऱ्याच्या बाजूला, समोरासमोर नको. पॅनल बाजूने, डोळ्यांच्या किंचित वर. मग निरांजनाचा खालचा उजेड हनुवटीवर नुसती ऊब देतो, भेसूर राहत नाही. तीन फेऱ्या, सावकाश. ताट वर्तुळाच्या माथ्यावर येतं तेव्हा क्षणभर हात रेंगाळतो, ज्योत सरळ होते. तो क्षण धरा, १/१२५ ला. खाली येताना ज्योत मागे झुकते आणि विझल्यासारखी दिसते.

आणि कुंकू. कोरडं कुंकू कपाळावरून नाकावर सांडतं, जवळच्या फोटोत ते स्पष्ट कळतं. जुनी पद्धत तशीच वापरा: आधी बोटाने मेण, त्यावर कुंकू. अक्षता दोन-तीनच, नाहीतर भुवईत अडकतात.

दगडमाती
किल्ल्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून. किल्ला ‘उभा करून’ मुलांना शेजारी बसवलेला फोटो मेलेला असतो. मुलांनी करतानाचा काढा, आणि त्यासाठी वेगळा दिवस ठेवा, जुन्या कपड्यांत.

पावसाळ्यात अडचण सुकण्याची आहे. विटा आणि दगड रचून उतार करायचे, त्यावर गोणपाट चिखलाच्या घट्ट राड्यात बुडवून अंथरायचं, सुरकुत्या राहू द्यायच्या, त्याच कडेकपारी होतात. ऑक्टोबरात हे दोन दिवसांत सुकतं. ऑगस्टमध्ये चार-पाच दिवस लागतात आणि उघड्यावर ठेवलं तर बुरशी धरते. वाड्याच्या पडवीत किंवा पार्किंगच्या छपराखाली करा. वरून चाळलेली कोरडी लाल माती भुरभुरा. ओला चिखल छपाईत काळा गोळा दिसतो.

हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी पाच दिवस आधी पेरा, रोज हाताने पाणी शिंपडा, झारीने नको, बी वाहून जातं. मातीचे मावळे ऑगस्टमध्ये बाजारात सहसा मिळत नाहीत. त्या-त्या घरात गेल्या वर्षीचे मावळे माळ्यावर असतात. एक हात तुटलेला, रंग उडालेला मावळाच घ्या, मुलं त्याला नावानिशी ओळखतात आणि त्याला कुठल्या बुरुजावर उभं करायचं यावरून वाद घालतात. फोटो त्या वादाचा मिळतो.

कॅमेरा मावळ्याच्या उंचीला, म्हणजे जवळजवळ जमिनीवर. ३५ ची लेन्स, एफ ८, फोकस मावळा बसवणाऱ्या बोटांवर. नखांतली माती, बोटांवर सुकून तडकलेला चिखल, मागे जीभ बाहेर काढून लक्ष लावलेला चेहरा जरासा धूसर. मुलं थांबून कॅमेऱ्याकडे बघायला लागली की तुम्ही थोडं पाणी मागा किंवा ‘महादरवाजा कुठे?’ विचारा, लगेच परत कामाला लागतात.

चाळीत जागा नसेल तर किल्ल्याऐवजी कंदील करू द्या. कामट्या, पतंगाचा कागद, मैद्याची खळ. पण दमट हवेत कागद सैल पडतो आणि पाणी लागलं की रंग उतरतो, म्हणून खळ पातळ नको आणि एक जादा कागद चिकटवायला तयार ठेवा.

पाटपाणी
अभ्यंगस्नानाचे फोटो फार जपून. मुलाला उघडं दाखवू नका, वय सात महिने असलं तरी. एकदा छापलं की तो फोटो आयुष्यभर फिरतो आणि मोठं झाल्यावर त्या मुलाला तो आवडेलच असं नाही. सगळा विधी हातांत दाखवता येतो: आजीच्या तळव्यावरचं तेल, उटण्याची वाटी, पाटाभोवतीची रांगोळी, कारीट फोडणारा पाय, न्हाऊन पंचात गुंडाळलेलं मूल. पंचा खांद्यापर्यंत. हे न्हाणीघराच्या बाहेर, खिडकीच्या उजेडात काढा. आत पुरेसा उजेडही नसतो आणि लेन्सवर वाफ बसते. पहाटेचा भास हवा असेल तर पूर्वेच्या खिडकीतून सकाळी सातचा उजेड घ्या आणि एक स्टॉप कमी (उजेड निम्मा) ठेवा.

कपडे: नवे कपडे एकदा धुऊन मऊ करा, टोचले की मूल दर मिनिटाला मान खाजवतं. गळ्याशी गडद लाल किंवा पोपटी असेल तर त्याचा रंग हनुवटीखाली उतरतो आणि नंतर निघत नाही. सगळ्यांना एकाच रंगात घालू नका. बारीक चौकडी आणि खणाची बारीक वीण यांवर सेन्सरमध्ये लाटांसारखी नक्षी उमटते, आणि छपाईच्या ठिपक्यांनी तीच पुन्हा उठते. पडद्यावर शंभर टक्के मोठं करून बघा, दिसली तर अर्धं पाऊल मागे-पुढे व्हा.

फराळ त्याच दिवशीचा ताजा हवा. पावसाळी हवेत चकली तासाभरात मऊ पडते आणि मूल ती मोडतं तेव्हा ‘कट्’ होत नाही, चेहऱ्यावरचा आनंदही तसाच जातो. डबा बंद ठेवा, फोटोच्या क्षणी काढा. अनारसे खसखशीची बाजू वर करून लावा. आणि मुलांना आधी खाऊ द्या, नंतर काढा. भुकेल्या मुलासमोर ताट ठेवून ‘हात लावू नको’ म्हणणं बरोबर नाही, चेहऱ्यावर ते दिसतंही.

गेरू
फुलबाजीचं काय ते विचारलं नाहीत, पण संपादक ऐन वेळी मागतात. माझं मत: लहान मुलांच्या हातात नको. तीन वर्षांचं मूल फुलबाजी संपली की गरम तार धरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने बेरियमचे क्षार असलेल्या फटाक्यांना बंदी आहे, त्यामुळे कुठली फुलबाजी छापतोय याचं भान संपादकांनाही हवं.

निरांजन
पूर्ण टाळायलाच हवी असं नाही. नऊ-दहा वर्षांच्या पुढचं मूल, शेजारी मोठं माणूस, सुती कपडे, पायात चप्पल, ओढणी किंवा नायलॉन नाही, पाण्याची बादली हाताशी आणि विझलेली तार थेट बादलीत. उघड्या अंगणातच, खोलीत किंवा चाळीच्या गॅलरीत नाही. आयएसओ ४००, एफ ४, १/६० ला ठिणग्यांच्या छोट्या रेघा येतात. चेहरा उजळायला बाजूने नारिंगी जेलचा हलका फ्लॅश. तीन फुलबाज्यांत मिळाला नाही तर सोडून द्या.

कुलूपकिल्ली
परवानगीचा भाग लिहितो, तो सगळ्यात आधी व्हायला हवा. प्रत्येक मुलासाठी पालकाची सही, मराठीत, एका पानावर: कोणता अंक, कोणतं वर्ष, छापील की संकेतस्थळावरही, समाजमाध्यमांवर टाकणार का, जाहिरातीत वापरणार नाही, आणि फाइली छपाईला जाण्याआधी कोणत्या तारखेपर्यंत ‘नको’ म्हणता येईल. प्रत्येक वापरापुढे वेगळी खूण करायला चौकोन ठेवा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि त्याच्या माहितीसाठी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. सहाच्या पुढच्या मुलाला स्वतःलाही विचारा. सही नसली तरी त्याचं ‘नाही’ हे नाहीच.

फोटोत शाळेचा गणवेश, ओळखपत्र, दारावरची पाटी, सोसायटीचं नाव, गाडीचा क्रमांक नको. कॅमेरा किंवा फोनमधली स्थाननोंद बंद करा. ओळीत पहिलं नाव आणि वय एवढंच, तेही पालकांना चालत असेल तर. चाळीत मागच्या गॅलरीतली शेजारची मुलं चौकटीत येतात, त्यांच्याही घरी विचारा.

संपादकांनी ‘बालगृहातली दिवाळीही घ्या’ म्हटलं तर थांबा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो छापता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. डोळ्यांवर काळी पट्टी ओढून भागत नाही, तसा फोटो मुलाला गुन्हेगार ठरवल्यासारखा दिसतो. हात, पाठमोरे, रांगोळी, पणत्यांची रांग एवढंच घ्या.

वेळेसाठी एक मोजमाप: बालकामगारविषयक २०१७ च्या सुधारित नियमांत बालकलाकारांना दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. ते नियम चित्रीकरणाच्या कामांसाठी आहेत. तुमच्या घरगुती कामाला त्याच्या निम्मा वेळसुद्धा लागता कामा नये.

शाईची बाटली
फाइली देताना. झेंडूचा नारिंगी, राणी, पोपटी हे पडद्यावर जेवढे झळकतात तेवढे चार शाईंत येत नाहीत. छापखान्याचं प्रोफाइल (तिथे रंग कसे उतरतात याची फाइल) मागवून पडद्यावर छपाईचा अंदाज बघा आणि ज्या साडीचा रंग सपाट होतोय तिथे पोत वाचवा, रंगाच्या मागे लागू नका. कागद मॅपलिथो (चकाकी नसलेला, शाई शोषणारा) असेल तर शाईचा ठिपका पसरतो आणि अंधाराचे भाग चिखल होतात. पणत्यांचे फोटो तर निम्मे अंधारच असतात. सावल्या पडद्यावर ‘जरा जास्तच उघडल्या’ वाटतील इतक्या उचला. केसांची कड मागच्या अंधारापासून सुटून दिसली पाहिजे, त्यासाठी मागून एक हलका दिवा फोटो काढतानाच लावलेला बरा.

आणि एकाच गटफोटोत दोन फोटोंतले चेहरे जोडणार असाल तर संपादकांना सांगा. काहींना चालतं, काहींना अजिबात नाही.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. वाड्यात जोडपानाचा फोटो दिवेलागणीला अंगणात ठरवलाय. पाऊस आला तर? रांगोळी तर टिकणारच नाही.

दगडमाती
ओलं अंगण चांगलंच, कंदिलाचा उजेड फरशीवर उतरतो आणि रिकामी जागा भरून निघते. माणसं पडवीच्या कडेला, वळचणीच्या आत बसवा. पागोळ्या गळत असतील तर बाहेरून ८५ ने, १/१२५ च्या आसपास काढा, पाण्याच्या रेघा दिसतील. कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि लेन्सला हूड. रांगोळी जमिनीवर काढूच नका. चार बाय तीन फुटांचा प्लायवूड गेरूने सारवून आदल्या दिवशी सुकवा, पडवीत त्यावर रांगोळी काढा आणि फोटोच्या पाच मिनिटं आधी दोघांनी आडवा धरून पायरीशी ठेवा. कडा झेंडूच्या पाकळ्यांनी झाका. फक्त उचलताना तिरका होऊ देऊ नका, ठिपके घसरतात.